दहात सहा

माझ्या धाकट्या भावाचं, सेल्विनचं लग्न कुणामुळे मोडलं, हे मला अजून नीट सांगता येत नाही. आई म्हणते, वाऱ्यामुळे. पण वारा तर आलाच नव्हता.

आमच्या बेटावर हवामानाचं काम माझ्याकडे आहे. पाऊस मोजायचा आणि राजधानीतून, विलाच्या ऑफिसातून फोनवर जे येईल ते चर्चमध्ये वाचून दाखवायचं. पूर्वी वादळ तोंडावर आलं की कळायचं. मग केळीची पानं छाटायची, छपरावरून दोर टाकायचे, देवाचं नाव घ्यायचं. डोक्याला ताप नव्हता. त्या ऑक्टोबरात मात्र फोन आला की अंदाज आता सुधारलाय, अख्ख्या हंगामाचं आधीच सांगता येतं: यंदा नेहमीपेक्षा जास्त वादळं व्हायची शक्यता दहात सहा.

मी तेच वाचलं. लोक माझ्या तोंडाकडे बघत बसले. कुणीतरी विचारलं, म्हणजे येणार की नाही? मी ऑफिसला फोन लावून तेच विचारलं. तिथला माणूस भला होता. म्हणाला, अशी दहा वर्षं घेतलीत तर सहांत वादळं जास्त होतील, चारांत होणार नाहीत. यंदाचं वर्ष कुठल्यातलं, ते त्यालाही ठाऊक नव्हतं. फोन ठेवला तेव्हा मला आधी जेवढं कळत होतं तेवढंही कळेनासं झालं होतं.

आईला मात्र लगेच कळलं. गेल्या मोठ्या वादळानंतर मदतीचं जहाज येईपर्यंत आम्ही रानकंद उकडून खाल्ले होते, ते ती विसरली नव्हती. तिने घरामागचा जुना खड्डा साफ केला, पानांनी मढवला आणि झाडावरून उतरलेल्या दर दहा नीरफणसांतले सहा सोलून, वादळानंतरही टिकावेत म्हणून, त्यात आंबायला टाकू लागली. उरलेले चार सेल्विनच्या लग्नाला.

"सरकारनंच वाटणी करून दिलीय," म्हणाली. "मी कशाला डोकं चालवू?"

हे चुकतंय असं मला वाटत होतं. पण का चुकतंय ते सांगायला गेले की जीभ अडखळायची. आणि खरं सांगायचं तर ते बरोबरही वाटत होतं. मी स्वतःवरच चिडत होते.

लग्नाच्या आदल्या दिवशी नवरीकडची, रोटिनाची माणसं शेजारच्या बेटावरून होड्यांनी आली. आमच्याकडे नवरीच्या बापापुढे नवऱ्याकडच्यांनी अन्न मांडायचं असतं, आणि त्याने ते डोळ्यांनी मोजायचं. रोटिनाच्या बापाने, वोमासकाकांनी टोपल्या पाहिल्या. मग ते नाक वर करून घरामागे चालत गेले. आंबलेल्या नीरफणसाचा वास काही झाकून ठेवता येत नाही, आणि आईची वाटणी तर साऱ्या बेटाला ठाऊक होती.

"वहिनी," ते परत येऊन हळूच म्हणाले, "माझ्या पोरीच्या वाट्याला चार, आणि न आलेल्या वाऱ्याच्या वाट्याला सहा?"

"वाऱ्याचे कुठले, भावजी?" आई म्हणाली. "पोर इथंच नांदणार ना? तिच्याच पोटात जायचेत ते."

मला वाटलं, आता हसतील. त्यांच्या चेहऱ्यावर तसं काही आलंही होतं. पण मागे त्यांची सगळी माणसं उभी होती. "मग वारा येऊन जाऊ दे," ते म्हणाले. "त्यानंतर बघू." रोटिना होडीत बसली. सेल्विन कमरेभर पाण्यापर्यंत तिच्या मागे गेला. मला रडू आलं, आणि कुणाचा राग धरावा तेच समजेना.

तो हंगाम शांत गेला. फांदीसुद्धा मोडली नाही. आम्ही आंबट नीरफणस खाऊन खाऊन कंटाळलो. वोमासकाकांकडे निरोप पाठवायला आम्ही निघणार, तोवर रोटिनाला मावशीकडे दूरच्या सांतो बेटावर पाठवल्याचं कळलं. पावसाळ्याआधी तिचं तिकडेच लग्न झालं.

पुढच्या ऑक्टोबरात पुन्हा अंदाज आला. या वेळी दहात तीन. चर्चमधून घरी येताना सेल्विन माझ्याबरोबर चालत होता. वर्षभर त्याने मला या विषयावर एक शब्द विचारला नव्हता.

"ताई, त्या दहांतली ती चार वर्षं," तो म्हणाला. "जास्त वादळं न येणारी. ती चांगली वर्षं, बरोबर?"

"हो."

"मागलं वर्ष त्यांतलंच होतं?"

"तसंच म्हणायचं."

त्याच्या आवाजात राग नव्हता, त्याला खरंच समजून घ्यायचं होतं.

"मग माझं काय झालं?"