पितळी कोनमापक आणि एकोडीची रुखमा

मित्रांनो, मी पितळेचा एक जुना कोनमापक आहे. दोन पट्ट्या, मध्ये त्यांना जोडणारा खिळा म्हणजे रिपीट आणि अर्धगोलावर कोरलेले अंश, एवढाच माझा देह. मी कधी चुकीचं माप दिलं नाही. तरी माझ्या नावावर एक खोटं चढलं आणि ते आजवर उतरलेलं नाही. त्याचीच ही कहाणी.

माझा जन्म भंडाऱ्याच्या पितळी भांड्यांच्या बाजारात १९७९ साली झाला. मला घडवणारे धनीराम. त्यांनी जन्मभर पातेली आणि अडकित्ते केले. एकोडी गावचा टेकचंद कागदावर माझं चित्र काढून घेऊन आला, तेव्हा ते म्हणाले, "हे का सुपारी कातराचं हाय का माणूस कातराचं?"

"माणसाचं अंग किती वाकते ते मोजाचं हाय, काका."

"अंग वाकते ते दुखल्यावर समजतेच ना बापा! त्याले पितळ कायले वाया घालवतं?"

बोलले तसं, पण मन लावून घडवलं. मात्र रिपीट मारली ती अडकित्त्याची सवय हातात ठेवून, घट्ट. पट्ट्या जिथे थांबवल्या तिथेच थांबत.

टेकचंद नागपूरला विद्यापीठात शारीरिक शिक्षणाच्या पदव्युत्तर वर्गात शिकत होता. माणसाचं शरीर हलतं कसं, कोणत्या सांध्यावर किती भार येतो, हा त्या विद्येचा विषय. विभागात परदेशी बनावटीचा एक स्टीलचा कोनमापक होता. पण तो कपाटात, आणि कपाटाची किल्ली रजेवर गेलेल्या बाबूकडे. वर्गातली बाकीची मुलं खेळाडूंचे गुडघे मोजत होती. टेकचंदने रोवणा करणाऱ्या बायांची कंबर निवडली, कारण त्याची आई रुखमा तीस वर्षं चिखलात वाकून धान रोवत आली होती. प्रबंध वेळेत गेला तर पदवी आणि पदवी मिळाली तर हायस्कुलात नोकरी, असा त्याचा हिशेब होता.

रोवण्याच्या दिवसांत तो मला घेऊन बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, उतरला. बावीस बाया ओळीने वाकलेल्या. तो पुढे सरकला तशा तरण्या बाया पदर ओढून ताठ उभ्या राहिल्या. हातातले पऱ्हे, धानाची रोपं, हातातच.

देवकाबाई त्यांची म्होरकी आणि टेकचंदची काकू. ती ओरडली, "अरे ए शिकलेल्या! आमी म्हाताऱ्या, आमाले लाव तुहं पितळ. पन ह्या पोरी तुह्या लहान भावांच्या बायका होत. तू यायचा भासरा. भासऱ्यानं भावाच्या बायकोले हात लावाचा काय?"

टेकचंदचा चेहरा उतरला. आपल्याच गावची एवढी साधी रीत नागपूरला राहून तो विसरला होता. तेव्हा रुखमा चिखलाचे हात लुगड्याला पुसत आली. "आन इकडे. मी लावतो. तू धुऱ्यावर बसून आकडे वाच."

तिला अक्षर येत नव्हतं. पण खुब्याचं हाड लुगड्यावरून तिच्या बोटाला बरोबर सापडे. एक पट्टी पाठीला, दुसरी मांडीला, मधली रिपीट हाडावर. मग मला तसंच जपून धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, टेकचंदकडे आणायची. रिपीट घट्ट, त्यामुळे कोन हलत नसे. ताडून पाहायला टेकचंदने एकीलाच तीनदा मोजायला लावलं. तिन्ही वेळा एकच आकडा आला. सकाळ, दुपार, संध्याकाळ, असे सव्वीस दिवस आम्ही दोघींनी... चुकलो, मी आणि रुखमाने मोजलं. दिवस चढे तशी कंबर आणखी वाकत जाते, असं निघालं.

"एवढं सांगाले सोळा वर्सं शिकला?" देवकाबाई म्हणाली, आणि सगळी बांधी हसली.

नागपूरला मार्गदर्शक सरांनी आकडे पाहून मान डोलावली. "मोजमाप कोणी घेतलं?"

"आईनं, सर. आकडे मी वाचले."

"शिकलेल्या आहेत?"

"नाही."

"मग हे संशोधन तुमचं की तुमच्या आईचं? नियमात बसत नाही. सगळी मोजमापं स्वतः घेतली असं लिहा, नाहीतर पुढच्या वर्षी पुन्हा या."

टेकचंद गावी येऊन आईजवळ बसला. रुखमा म्हणाली, "लिही ना बापा तुह्या नावानं. मले का मास्तरीण व्हाचं हाय?"

त्याने लिहिलं. मित्रांनो, तो लिहीत होता त्या मेजावरच मी होतो. वस्तूला तोंड नसतं, याचा इतका संताप मला आधी कधी आला नव्हता.

पदवी मिळाली. अड्याळच्या हायस्कुलात नोकरी लागली. १९८१ च्या उन्हाळ्यात टेकचंदने प्रबंधाची बांधीव प्रत घरी आणली. रुखमाने ती पाटावर ठेवून हळद-कुंकू लावलं. शेजारपाजार जमला. तुलाराम, टेकचंदचा चुलतभाऊ, शाळामास्तर. तो मोठ्याने वाचू लागला. मागच्या पानांवर बावीस जणींची नावं होती. त्याची बायको सत्यभामा हिचंही नाव आलं, तशी ती लाजली. मग त्याने नावांच्या यादीवरची ओळ वाचली, "सर्व मोजमापे संशोधकाने स्वतः, स्वहस्ते घेतली."

तुलारामने पुस्तक मिटलं. "दादा, माह्या बायकोच्या कंबरेले तू हात लावला?"



देवकाबाई उसळली, "बोल ना बे पोट्ट्या! तुह्या मायनं मोजलं, तू धुऱ्यावर छत्री घेऊन बसला व्हता. आता दातखीळ बसली काय?"

"मीच म्हटलं व्हतं त्याले तसं लिहाले," रुखमा मध्ये पडली.

"काकू, तुमचं मन मोठं हाय. पन कागदावर तर माही बायकोच हाय ना!"

टेकचंदने ती ओळ खोडली आणि वर लिहिलं, माझी आई रुखमा हिने मोजले. सत्यभामा पदराआडून म्हणाली, "आनि नागपूरच्या बुकात? तिथं कोण खोडन?"

दुसऱ्या दिवशी, तिथलीही ओळ बदलायचा अर्ज द्यायला, तो मला पिशवीत घालून एस.टी.ने नागपूरला गेला. सर म्हणाले, "खोटं लिहिलं असं लेखी द्या. मग पदवीचं काय करायचं ते विद्यापीठ ठरवेल." टेकचंदने बाकावर बसून अर्ज लिहिला, खाली सही केली. अर्ज घेण्याच्या खिडकीपर्यंत गेला. पुढे दोनच माणसं होती. त्याने कागदाची घडी केली, पिशवीत टाकली आणि स्टँडकडे वळला.

घरी सत्यभामा वाट पाहत होती. "देल्ला अर्ज?"

"देल्ला," तो म्हणाला.

रुखमाने मुलाच्या तोंडाकडे पाहिलं. त्यानंतर तिने मला हातात घेतलं नाही. पुढच्या रोवण्याला टेकचंद नवी मोजणी करायला आला, तेव्हा ती म्हणाली, "तुहं तूच मोज." आणि बांधीत एकही बाई मोजून घ्यायला वाकून थांबली नाही.

या गोष्टीला आता आठ वर्षं झाली. मी एका पत्र्याच्या पेटीत आहे, आणि मला गुंडाळलंय ते त्याच अर्जात. शाई थोडी फिकी झाली आहे, पण सही स्पष्ट वाचता येते. मित्रांनो, जुन्या वस्तू जपाव्यात असं तुम्हाला शाळेत शिकवतात. ते खरंच आहे. पण तुमच्यापैकी कोणी ही पेटी उघडली, तर मला चिंच लावून घासत बसू नका. आधी तो कागद टपालात टाका.