कडेने गेलेला दर्शन

आरे-वारेच्या रस्त्याला ते सहा जण चाकाला चाक लावून सायकली दामटायचे. मागच्याला पुढच्याच्या पाठीशिवाय काही दिसत नसे, म्हणून धोका दिसताच पुढच्याने ओरडायचं, हा नियम होता.

त्या रविवारी दर्शन पुढे होता. वळणावर मासळीच्या ट्रकमधलं बुळबुळीत पाणी सांडलं होतं. उमेर घसरला, मागचा अरशद त्याच्यावर आपटला. उमेरचं मनगट मोडलं.

दर्शन परत आला तो घड्याळ बघतच.

“पाणी दिसलं नाही तुला?” अरशदने विचारलं.

“दिसलं की. म्हणून तर कडेने गेलो.”

“मग मेल्या, ओरडला का नाहीस?”

“पुढे चढ होता. दम वाया गेला असता.”

त्याने उठवायला हात पुढे केला. अरशदच्या अंगाला सडक्या बांगड्याची घाण येत होती. तो हात धरण्यापेक्षा ती बरी, म्हणून तो तिथेच बसून राहिला.