सोडलेली मात्रा

प्रसेनजीतनं तबकडी कव्हरातून अलगद बाहेर काढली, दोन्ही तळव्यांच्या कडांवर तोलली आणि मलमलीच्या फडक्यानं तिच्यावरून एक सावकाश फेर घेतला. वाचनालयाच्या माडीवर तीसेक माणसं बसली होती. पहिल्या रांगेतल्या मधल्या खुर्चीवरून सयाजीराव त्याच्याकडं बघत होते. चाळीस वर्षं तबला शिकवलेला माणूस, श्रवण मंडळाचे अध्यक्ष.

"इंग्लिश हाय न्हवं?"

"व्हय, सर."

"मग एकच गाणं लाव. मंडळी नाट्यसंगीत ऐकायला आल्यात. बोलणारं पावणं आजारी पडलं म्हणून तुझा नंबर लागलाय, एवढं ध्यानात ठेव."

प्रसेनजीतनं मान हलवली. सात वर्षं तो महिन्याच्या पहिल्या रविवारी इथं येत होता आणि सात वर्षं शेवटच्या रांगेत बसत होता. आज त्या रांगेत त्याची बायको संघप्रिया एकटीच होती. शाळेत वर्गावर जाताना नेसायची ती निळी साडी तिनं आज मुद्दाम नेसली होती.

त्यानं कव्हर सगळ्यांना दिसेल असं उंच धरलं. फाउंड्रीच्या फाटकातून बाहेर पडणारे कामगार, धुकं, एका म्हाताऱ्याच्या हातात डबा. बँडचं नाव 'टिन हार्बर', रेकॉर्डचं नाव 'विंटर शिफ्ट', साल एकोणीसशे एकाहत्तर. अठ्ठ्याऐंशी साली जुन्या बाजारात ती त्यानं गाण्यासाठी नव्हे, त्या फोटोसाठी उचलली होती. घरी आल्यावर सासऱ्यांच्या प्लेअरवर लावली आणि तेव्हापासून ती त्याला सुटली नव्हती. कव्हरामागचा मजकूर संघप्रियानं डिक्शनरी घेऊन उलगडून दिला होता. दोघांनी मिळून कंपनीच्या पत्त्यावर पत्रही टाकलं होतं. तीन महिन्यांनी ते जसंच्या तसं परत आलं. या नावाची कंपनी इथं नाही, असा त्यावर शिक्का होता.

हे सगळं सांगायचं त्यानं ठरवलं होतं. पण उभा राहिल्यावर भलतंच तोंडात आलं.

"मी कागलला एमआयडीसीतल्या फाउंड्रीत ओतीव कास्टिंग तपासतो," तो म्हणाला. "हातोडीनं ठोकून आवाज ऐकायचा, हे माझं काम. माल भरीव असंल तर खणकन बोलतो. आत भेग असंल तर बद्द वाजतो. ह्या लोकांनी आवाज दाबायला ढोलात उशी-गोधडी काय कोंबलेली न्हाय. आवाज जिथवर जाईल तिथवर जाऊ दिलाय. तेवढं ऐका."

कुणीतरी खाकरलं. प्रसेनजीतनं पहिल्या बाजूच्या शेवटच्या गाण्यावर सुई टेकवली.

आधी नुसता ढोल आला, लांबून, रिकाम्या गोदामात वाजावा तसा. मग गिटारीचा एक सूर, तोही घाई नसलेला. गाणाऱ्याचा आवाज काही खास नव्हता, थोडा बसलेलाच होता. खिडकीशी बसलेल्या बनाबाईंनी मात्र मान तिरकी केली. बनाबाई एकेकाळी इथल्या स्टुडिओत कोरसला गायच्या. आता सत्तरी उलटली होती, पण मंडळात कुणी बेसूर गुणगुणलं तर त्या तिथल्या तिथं सांगत.

"दम घेतलेला ऐकू येतोय," त्या शेजारणीला म्हणाल्या. "कापून टाकला न्हाय त्यांनी."

दोन कडवी झाली. ढोल हळूहळू जवळ येत होता. आता, असं प्रसेनजीत मनात म्हणाला आणि त्याच क्षणी वीज गेली.

स्पीकर गप्प झाले. तबकडी आणखी चार-दोन वेढे फिरली, सुईखाली किड्यासारखी बारीक किरकिर झाली आणि तीही थांबली.

"सुटलो," मागून कुणीतरी म्हणालं आणि हशा पिकला. दोघंतिघं चपला शोधू लागले. सयाजीरावांनी खुर्चीच्या हातांवर भार दिला.

"खरं तर आत्ताच हुतं," प्रसेनजीत म्हणाला. तो कुणाशीच बोलत नव्हता.

"काय हुतं आत्ता?" बनाबाईंनी विचारलं.

"हितनं पुढं ढोलवाला एक मात्रा सोडतोय. सगळं सातात चाललेलं असतंय. कडवं संपताना तो सहातच पलटतो. गाणारा वर सूर धरून उभा आणि खाली जमीन एक पाऊल पुढं सरकल्यागत हुतंय."

सयाजीराव अर्धे उठलेले होते, ते परत बसले.

"सातातलं हाय हे मला कळलं. पण सात म्हणजे सात. सहात पलटला तर ती चूक."

"चूक न्हाय, सर. तीनदा सोडतोय. तिन्ही बारी त्याच जागी."

"मग तुझ्या तबकडीला ओरखडा हाय. सुई उडत्या तिथं. आणि तू इतकी वर्षं त्यालाच कला समजून बसलायस."

पुन्हा हशा. या वेळी मोठा.

प्रसेनजीतचे कान तापले. त्याच्याजवळ ही एकच प्रत होती. दुसरी त्यानं कधी पाहिली नव्हती. ही रेकॉर्ड ऐकलेला दुसरा माणूसही त्याला कधी भेटला नव्हता. त्यानं तबकडी उचलली, खिडकीपाशी नेली आणि उन्हात तिरकी धरली. काळ्या रेघांवरून ऊन घरंगळत गेलं. ओरखडा दिसत नव्हता. पण दिसत नाही म्हणजे नाही असं कुठं असतं? आतली भेग डोळ्यांना दिसत नाही, हे तर त्याच्या रोजच्या कामातलंच होतं. त्यानं मागं पाहिलं. संघप्रिया हसली नाही, मानही हलवली नाही. ती फक्त त्याच्याकडं बघत राहिली, फळ्यापाशी अडलेल्या मुलाकडं बघावं तशी, उत्तर येणार हे ठाऊक असल्यासारखी.

तो वळला.

"सुई उडली तर गाणाऱ्याचा सूर बी तुटंल," तो म्हणाला. "ढोल एकटा कसा तुटंल?"

सयाजीरावांनी भुवया आवळल्या.

"बरोबर हाय की त्याचं," बनाबाई म्हणाल्या. "सयाजीराव, सूर माझ्याकडं, मात्रा तुमच्याकडं. येऊ दे लाईट."

"तुम्ही म्हणताय तर थांबू," सयाजीराव म्हणाले.

चपला शोधणारे परत आले. कुणी खाली जाऊन चहा सांगितला. पाऊण तास गेला, पण एकही खुर्ची रिकामी झाली नाही. उलट खाली पेपर वाचत बसलेले दोघं, वर काय पैज लागली आहे ते बघायला आले आणि भिंतीशी उभे राहिले. कव्हर हातोहात फिरत होतं. त्या म्हाताऱ्याच्या हातातला डबा इथल्यासारखाच दिसतोय, यावर दोघांचा वादही झाला.

डोक्यावरचे पंखे हलले.

प्रसेनजीतनं गाणं सुरुवातीपासून लावलं. सयाजीरावांनी उजवा हात मांडीवर ठेवला आणि ओठांतल्या ओठांत मोजायला लागले. बनाबाईंनी डोळे मिटले. पहिलं कडवं गेलं, दुसरं गेलं. ढोल दारापर्यंत आला, आत आला.

सूर वर चढला आणि तिथंच थांबला. सयाजीरावांचा हात सातव्या मात्रेला मांडीवर पडला तेव्हा गाणं पुढच्या एकावर गेलेलं होतं. हात रिकाम्यावर पडला. ते हललेही नाहीत.

"सूर अखंड हाय," बनाबाई डोळे न उघडता म्हणाल्या.

दुसऱ्या वेळीही तेच झालं. पण आता सयाजीराव पुढं वाकले होते. मागच्या रांगांतही माणसं मांडीवर बोटं आपटत मोजत होती. कुणाची चुकत होती, कुणी शेजाऱ्याकडं बघत होतं.

तिसऱ्या वेळी कडवं संपत आलं तेव्हा सयाजीरावांचा हात हवेत होता. पाच. सहा. तो हात सातावर थांबलाच नाही. ढोलाबरोबर थेट एकावर उतरला, जोरात, आणि त्यांच्या तोंडून मोठ्यानं "आहा!" असं निघून गेलं. भिंतीशी उभ्या असलेल्यांतल्या एकानं टाळीच वाजवली.

गाणं संपलं. सुई शेवटच्या रेघेत फिरत राहिली, तरी कुणी उठलं नाही.

"तुटला न्हाय," बनाबाई म्हणाल्या आणि पदरानं डोळे टिपले. "एकदाबी तुटला न्हाय."

सयाजीराव आपल्या तळहाताकडं बघत होते. लाल झाला होता.

"दुसरी बाजू लावा," ते म्हणाले.

ते कुणा दुसऱ्यालाच म्हणताहेत असं वाटून प्रसेनजीतनं मागं वळून पाहिलं. मागं नुसती भिंत होती.

"लावा की," सयाजीराव म्हणाले.