जाहिरातींच्या मधली जागा

मधल्या पानांवरची पिन जरा वर आली होती. अंक उघडताना ती तिच्या बोटाला टोचली. रक्त वगैरे आलं नाही, पण बोट आपोआप तोंडात गेलं आणि त्याबरोबर शाईचा तो कडवट वास… इतक्या वर्षांत तिला कधी जुना न झालेला. मधली दोन पानं म्हणजे अंकातली सगळ्यांत महाग जागा. या महिन्यात तिथे लिफ्टच्या दरवाजांच्या मोटरी बनवणारी एक कंपनी लाल अक्षरांत ऐसपैस पसरली होती, आणि तिचा स्वतःचा लेख — जुन्या इमारतींतल्या लिफ्ट आणि नवे सुरक्षानियम — त्या लाल पसाऱ्याच्या मागे अंग चोरून उभा होता. संपादक म्हणून तिला हे दर महिन्याला खटकायचं, आणि दर महिन्याला ती पान उलटून पुढे जायची.

स्वयंपाकघरात नवरा चहा गाळता गाळता फोनवर बोलत होता. "नाही नाही साहेब, पुढच्या महिन्यात मधलं पान तुम्हालाच. शब्द दिला म्हणजे दिला." मासिकासाठी जाहिराती आणायचं काम त्याचं. पंचवीस वर्षं तो हेच करत आला होता — कंपन्यांची दारं ठोठावायची, साहेब लोकांचा चहा प्यायचा, शब्द द्यायचा. पण पुढच्या महिन्याला मधलं पान असणार आहे की नाही हे त्याला माहीत नव्हतं. ते तिच्या हातात होतं. कालपासून ती ते गिळून घरात वावरत होती, आणि त्याने दिलेला प्रत्येक शब्द तिला ऐकू येत होता.

काल मालकीणबाईंनी बोलावलं होतं. वडिलांनी काढलेलं मासिक त्यांच्या माघारी नेटाने चालवणाऱ्या, कधी कोणाचं मन न दुखवणाऱ्या, आणि म्हणूनच प्रत्येक कठीण गोष्ट दुसऱ्याच्या तोंडून वदवून घेणाऱ्या मालकीणबाई. कागद महागला, टपाल महागलं, जाहिराती दर वर्षी थोड्या कमी… हे रडगाणं जुनंच. नवं होतं ते पुढचं. "छपाई बंद करून फक्त वेबसाइट ठेवायची का, ते तुम्हीच सांगा. उद्या संध्याकाळी फोन करा. तुम्ही म्हणाल तसं करू." वेबसाइटच्या जाहिराती बाहेरची एक कंपनी परस्पर बघणार होती, त्या आपोआप येतात म्हणे, कोणाच्या दारात जावं लागत नाही. म्हणजे दारात जाणारा माणूसही लागत नाही. मालकीणबाईंनी त्याचं नाव घेतलं नाही. तिनेही घेतलं नाही. दोघी भारी सभ्य बायका!

माझ्या खांद्यावर बंदूक ठेवायची, आणि समोर उभा कोण, तर माझाच नवरा…

"काय गं, गप्पशी?" त्याने कप पुढे ठेवला.

"पिन टोचली."

"छापखान्यात सांगतो," तो म्हणाला आणि त्याने तिचं बोट उजेडात धरून उगाचच निरखून पाहिलं.

त्यांच्यात एक जुनी चेष्टा होती. ती जाहिरातींना भरताड म्हणायची, आणि तो तिच्या लेखांना 'जाहिरातींच्या मधली जागा'. लोक हसायचे, तीही हसायची, पण मनातून तिला पक्कं ठाऊक होतं की मासिक म्हणजे मजकूर, आणि जाहिराती म्हणजे मजकुराने सोसायचा त्रास. म्हणून दोन वर्षांपूर्वी वेबसाइट निघाली तेव्हा ती हट्टाला पेटली होती — छापील अंकातली एकही जाहिरात तिथे नको, नुसता मजकूर, पांढरंशुभ्र पान. मालकीणबाई लगेच हो म्हणाल्या. तो एवढंच म्हणाला, "अर्धं मासिक काढलंस की." ती हसली होती. मग वेबसाइटवर लोक येऊ लागले, क्षणभर डोकावले आणि निघून गेले. त्यांच्या येण्याजाण्याचा खर्च छापील अंक भरत राहिला, स्वतः वाळत वाळत. आणि आता त्या छापील अंकालाच निरोप द्यायचा… हिशेबाने पाहिलं तर बरोबरच होतं. हिशेबाने.

दुपारी कार्यालयात फोन आला. कोणी वाचक बाई होती, भावाबरोबर लिफ्टदुरुस्तीचा धंदा करणारी.

"मॅडम, दरवाजाच्या मोटरींवरचा तुमचा लेख मोबाइलवर वाचला. छान आहे हो. पण मोटर मिळते कुठे?"

"ते जाहिरातीत असतं. छापील अंकात."

"मग इथे का नाही?"

"वाचकांना मध्ये मध्ये त्रास नको म्हणून."

पलीकडे ती बाई मोकळेपणी हसली. "त्रास कसला? छापील अंक हाती आला की आम्ही आधी जाहिरातीच बघतो! कुठल्या जुन्या लिफ्टला काय बसतं, काय बसत नाही, सगळं असतं त्यात. कोण लिहितं ते?"

"कंपन्या लिहितात," ती म्हणाली. फोन ठेवल्यावर मात्र तिच्या मनात पाल चुकचुकली. तिने कपाटातून जुने अंक काढले आणि आयुष्यात पहिल्यांदा आपले लेख ओलांडून फक्त जाहिराती वाचत सुटली. 'अमुक जातीच्या लिफ्टला हे बसणार नाही.' 'घाई असेल तर आमच्याकडे येऊ नका, माल यायला वेळ लागतो.' आपला माल कुठे चालत नाही हे सांगायला कुठली कंपनी पैसे मोजेल? तो आवाज कंपन्यांचा नव्हताच. शेजाऱ्याला दुकान सांगावं तसा तो आवाज, तिच्या घरात रोज चहा गाळणारा… तिला तो ओळखू यायला इतकी वर्षं का लागावीत!

मग सगळं भराभर सुचत गेलं. त्याच्या जाहिराती वेबसाइटवर घ्यायच्या, छापील अंक दर दोन महिन्यांनी काढायचा, बाहेरच्या कंपनीला दुरूनच हात जोडायचे. सुचलं आणि हायसं वाटलं, आणि त्या हायसं वाटण्याचाच तिला संशय आला. हे बरोबर आहे म्हणून पटतंय, की तो माझा आहे म्हणून? एखाद्या परक्या माणसाची नोकरी जाणार असती तर मी कपाट उघडलं असतं का? मालकीणबाई ऐकून घेतील, मऊ आवाजात "बरं" म्हणतील, आणि त्या "बरं"मध्ये नवराबायको दोघंही मावतील. पण एखादी गोष्ट माझ्या फायद्याची आहे एवढ्यावरून ती खोटी ठरते का… तिचं घोडं तिथेच अडलं.

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा तो जेवणाच्या टेबलावर एका जुन्या पाकिटाच्या पाठीवर काहीतरी खरडत बसला होता.

"काय लिहितोयस?"

"बटणांच्या कंपनीची जाहिरात. तुझ्या कामाचं नाही."

"वाच ना."

त्याने मान वर करून पाहिलं. चेष्टा नाही अशी खात्री झाल्यावर घसा साफ करून वाचू लागला. "'हे बटण दवाखान्यातल्या लिफ्टला लावू नका. तिथे माणसं घाबरलेली असतात, बटणावर ठोसे मारतात. चार मजल्यांच्या शांत इमारतीला लावा, जिथे लोक एकदाच दाबतात आणि वाट बघतात.'"

"कंपनी छापू देते हे?"

"आधी भांडतात. मग गिऱ्हाइकांचे फोन यायला लागले की गप्प बसतात."

लिफ्टच्या बटणांवर तिने चार पानं लिहिली होती, मागच्याच वर्षी. दाब, धातू, नियम, आकृत्या… घाबरलेली माणसं त्यात कुठेच नव्हती. तिला हेवा वाटला, उघडा, लहान मुलीसारखा हेवा, आणि पाठोपाठ त्याच्याबद्दल तेवढीच माया. हा कुठेही जाऊन उभा राहील, तिला वाटलं. याला लोक फोन करतील. आणि मला? माझी ती चार पानं नसती तर त्या हसणाऱ्या बाईचं काय अडलं असतं?

"चांगलं आहे," ती म्हणाली. "एकही शब्द बदलू नकोस."

तो लाजला, त्याने पाकीट उलटं करून ठेवलं आणि म्हणाला, "आज काय झालंय तुला?"

ती फोन घेऊन गॅलरीत आली. खाली रस्त्यावरचे दिवे लागत होते. मालकीणबाईंना काय सांगायचं ते अजून तिचं ठरलं नव्हतं. नंबर लावताना तिच्या लक्षात आलं की कालपासूनची भीती अजून आहे, होती तेवढीच आहे. फक्त ती आता त्याच्यासाठी राहिलेली नव्हती.