एडिटर निवडायचाय

बसा, टेका जरा. एका वाचनालयात एडिटर कसा निवडला ते सांगतो, डोकं हलकं होईल तुमचं.

वाचनालयाची वेबसाइट करायला घेतली होती भिंगरीनं. भिंगरी म्हणजे मामांची भाची, पायाला चाकं लावल्यागत फिरणारी. मामा तिथलं पत्रक तीस वर्षं एकहाती लिहायचे. ते आता वेबसाइटवर जाणार होतं. म्हणून तिनं फळ्यावर लिहिलं, 'एडिटर निवडायचाय. तीन आलेत. सोमवारी अकरा.'

सोमवारी मामा आले ते इस्त्रीचा सदरा घालून, हातात राजीनामा.

"तिघांतला कुठलाही घ्या," म्हणाले. "फक्त ऱ्हस्वदीर्घ येतं का तेवढं बघा."

भिंगरी धावतच फळ्याकडं गेली. "अहो मामा, माणूस नाही तो. वेबसाइटवर ज्या चौकटीत लिहायचं, अक्षर ठळक करायचं, तिला एडिटर म्हणतात."

"मग चौकट म्हण की, गधडे. दोन दिवस घास गोड लागला नाही मला." राजीनामा त्यांनी डुगडुगत्या टेबलाच्या पायाखाली सारला. "पण माझं एक अक्षर जरी बिघडलं, तर मी घरी बसणार. बोलाव एकेकाला. मुलाखत मी घेतो."

संगणक तीन, काउंटरवर, वाचनकक्षात आणि मागच्या खोलीत. त्यांतले ब्राउझरही, म्हणजे वेबसाइट उघडायच्या खिडक्या, तीन तऱ्हेचे. मामांनी प्रत्येक ठिकाणी एकच वाक्य लिहायचं ठरवलं, 'पाच नवे सभासद मिळाले', आणि 'मिळाले' ठळक करायचं.

पहिल्या एडिटरला चाळीस बटणं. "हा फारच बोलतो," मामा म्हणाले. वर तो काउंटरवर शहाण्यासारखा वागला आणि वाचनकक्षात लिहिलेलं सगळं गिळून बसला.

दुसरा दिसायला देखणा. पण वाचनकक्षात ठळक केलं की त्याची वेलांटीच उडायची. पडद्यावर आलं, 'पाच नवे सभासद मळाले'.

"मळाले तर आंघोळीला पाठवा," ग्रंथपालबाई म्हणाल्या. मामा काही हसले नाहीत. भिंगरीनं घाईघाईनं तिसरा उघडला.

तिसऱ्याला बटणं सहा. काउंटरवर ठीक, वाचनकक्षात ठीक. राहिला मागच्या खोलीतला संगणक, त्यातला ब्राउझर म्हणजे म्हातारा आणि खडूस. मामांनी लिहिलं, ठळक केलं, चष्मा वर सारून पाहिलं. वेलांटी जागच्या जागी.

"कमी बोलतो, वेलांटी सांभाळतो. घरातलाच वाटतो," मामा म्हणाले. "घे याला."

"आणि तुम्ही?"

"नवा गडी आहे. त्याला वळण लावायला कुणी नको?"

भिंगरीनं तिथल्या तिथं एक गिरकी घेतली, खुर्चीसकट.

आता पत्रक दर शुक्रवारी येतं. तुम्ही एवढं करा, एखादी चूक सापडली तर मामांना कळवा. अजून एकही निघाली नाही म्हणून अभिमानानं नुसते फुगलेत हो.