सगळेच पहिले

मित्रांनो, जिन्याखालच्या रंगाच्या रिकाम्या डब्यात, तुटक्या वायरींबरोबर पडलेला मी एक जुना राउटर आहे. मारुंजीत आबाजींच्या इमारतीतल्या साऱ्या भाडेकरूंना मीच इंटरनेट पुरवत असे. माझ्या जन्माचं कौतुक सांगण्यासारखं काही नाही. कारखान्यात तयार झालो, खोक्यात बसलो आणि इथे भिंतीवर टांगला गेलो.

सिनेमा, खेळ, फोनवरचं बोलणं, सगळं लहान लहान तुकड्यांनी माझ्यातून जाई. सिनेमाचे तुकडे थोडे रेंगाळले तरी चालतं, कारण पुढचा भाग आधीच साठवता येतो. बोलण्याचं तसं नाही. उशिरा पोहोचलेला शब्द ऐकणाऱ्याच्या कामाचा राहत नाही.

दुसऱ्या मजल्यावरची स्नेहल हिंजवडीत नेटवर्कचंच काम करायची. माझ्यात कोणीतरी प्रत्येक मोबाइलसाठी वेगळा नियम लिहून नुसता गुंता करून ठेवला होता. तिने तो सगळा पुसला आणि एकच नियम ठेवला. कोणाचंही बोलणं आधी, बाकीचं मागून. आबाजींच्या मुलाला, शेखरला, तिने ते समजावलं आणि पासवर्ड त्याच्या हाती दिला.

याच भरवशावर जयमालाताईंनी नोकरी धरली. परभणीहून आलेल्या, लेक करिष्माला घेऊन एका खोलीत राहणाऱ्या. एका कंपनीतर्फे दवाखान्यात चौकशी करणाऱ्यांना त्या घरूनच, इंटरनेटवरच्या फोनने उत्तरं देत. "तुमचा आवाज अगदी समोर बसल्यासारखा येतो," असं लोक त्यांना म्हणत. मला ते माझंच कौतुक वाटे.

मग स्नेहल बेंगळुरूला गेली. एका रविवारी आबाजी टीव्हीवर इंटरनेटवरून बैलगाडा शर्यत थेट बघत होते आणि ऐन वेळी चित्र अडकलं.

"घर माझं, नेट माझं, अन् माझाच गाडा घाटात अडकतोय व्हय?" ते शेखरला म्हणाले.

शेखरने त्यांचा टीव्ही बोलण्याबरोबर पहिल्या रांगेत घातला. ही गोष्ट इमारतभर झाली. खालच्या पोरांचे खेळ आले, कोणाचा लॅपटॉप आला, कोणाच्या मालिका आल्या. शेखरला कोणाला नाही म्हणवत नसे. पहिली रांग एवढी वाढली की दुसरी उरलीच नाही.

जयमालाताई त्याच्याकडे गेल्या. "दादा, माझा आवाज तुटायलाय. कंपनीनं ताकीद दिली."

"ताई, तुमचं पहिल्याच रांगेत हाय की. सगळ्यांचंच पहिलं ठेवलंय. भेदभाव नको."

"सगळ्यांचंच पहिलं, मग माझं कितवं?"

"राउटरच जुना झालाय ताई," शेखर म्हणाला.

मी ऐकत होतो. मला तोंड नव्हतं.

त्यानंतर एका म्हाताऱ्या गृहस्थांचा फोन आला. दुसऱ्या दिवशी त्यांच्या बायकोचं ऑपरेशन होतं. जयमालाताईंनी सांगितलं, "सकाळी त्यांना काही खायला द्यायचं नाही." त्यातला 'नाही' माझ्या रांगेत मागे पडला. ताईंनी पुन्हा सांगेपर्यंत फोनच तुटला. त्यांनी उलट फोन लावून पाहिला, तो लागला नाही. त्या गृहस्थांनी बायकोला सकाळी दूध-भाकरी दिली. ऑपरेशन पुढे ढकललं, तक्रार झाली आणि ताईंची नोकरी गेली. शाळेचं वर्ष अर्धं टाकून करिष्माला त्यांनी परभणीला नेलं. मला तर कोणी दोषमुक्त केलंच नाही. आबाजींनी नवा राउटर आणला आणि मला उतरवलं.

मित्रांनो, माझी धूळ पुसा, असं मी सांगणार नाही. धूळ माझ्यावर कधी फार बसलीच नव्हती. पण एखादं यंत्र बिघडलं म्हणण्याआधी आपण त्याला काय करायला लावलंय, ते एकदा बघा. आणि ज्याचं खरंच अडलंय त्याला पुढे जाऊ द्यायचं असेल, तर बाकीच्यांना 'जरा थांबा' म्हणायला शिका. गोड बोलून सगळ्यांना होकार देणाऱ्या माणसाइतकं नुकसान कोणी करत नाही, हे मी भिंतीवरून पाहिलंय.

ताईंच्या खोलीत आता नवं जोडपं राहायला आलंय. त्यांचे दोन्ही फोन शेखरने आल्याआल्या नव्या राउटरच्या पहिल्या रांगेत घातले.