वीस नंबरची एकदांडी

मी एकदांडी बोलतेय. ओळखलं नाहीत ना? साहजिक आहे. बांधावर, रस्त्याकडेला तुम्ही माझ्यावर पाय देऊनच पुढे जाता. शेवंती, सूर्यफूल माझ्याच कुळातली. पण ती हारात जातात, बाजारात जातात. मी निंदणीत जाते.

माझा जन्म दोंडाईच्याच्या एसटी स्टँडवर, मुतारीच्या भिंतीमागे झाला. त्यामुळे ओलाव्याची ददात नव्हती. १९८९ च्या मार्चात एक मुलगी माझ्यापुढे वाकली. मला वाटलं, आली एकदाची माझ्या रूपाची कदर करणारी. तिनं मला मुळासकट उपटलं आणि मैत्रिणीला म्हणाली, "एकोणीस झाली होती. सुटले."

ती सुगंधा. धुळ्याला, देवपुरातल्या कॉलेजात बी.एस्सी. करत होती. परीक्षेला वीस वनस्पती वाळवून, चिकटवून फाइल द्यायची होती. वडिलांनी, अभिमनआबांनी, सांगून ठेवलं होतं: यंदा नापास झालीस तर शिक्षण बंद, लग्न. मुलीला मागणी घालणारे पाहुणे विचारतच होते.

प्रॅक्टिकलला बाहेरगावाहून आलेले सर फाइल चाळत नेमके माझ्यापाशी थांबले.

"हे कुठून आणलं?"

"स्टँडवरच्या मुतारीमागून, सर."

मागच्या मुली हसल्या. मी आधीच चपटी झाले होते, नाहीतर तिथंच झाले असते.

"यात फुलं किती?"

"दिसतं एक, पण पन्नासेक आहेत, सर. कडेची पाच पांढरी, बाकी मधली पिवळी. भिंगाखाली मोजली मी."

सर मान हलवून पुढच्या मुलीकडे वळले. मला मात्र तेव्हाच कळलं की मी एकटी नाही, अख्खी वरात आहे.

सुगंधा पास झाली. आबांनी फाइल मांडीवर घेतली.

"हाई तर आपला बांधवरली एकदांडी शे," ते म्हणाले. "जनमभर निंदी टाकी मी."

मग माझ्याखाली लिहिलेलं लेकीचं नाव ते बराच वेळ वाचत बसले.

"पाहुणास्ले सांगी देसू. आते घाई नई."

आता सुगंधाबाई जामनेरला शाळेत शिकवतात. परवा त्यांनी मला वर्गात दाखवलं. पाकळ्या गळालेल्या, पानं तपकिरी, डिंक सुटलेला.

"बाई, हे तर ग्राउंडवर खूप आहे," एक मुलगी म्हणाली.

"मग जा, एकेक घेऊन या."

साठ पोरं धावली. दहा मिनिटांत माझी सगळी भावकी टेबलावर आडवी. माझी कीर्ती पसरली ती अशी.

तेव्हा एकच विनंती. माझी फुलं मोजायची असतील तर उपटू नका, वाकून मोजा. गुडघ्याला माती लागेल, तेवढीच.